आधी सायकल तपासा, मग पाने घ्या

प्रश्न असा आहे: इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या एका गृहस्थांकडे २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) माउंटन बाइक आहे. मागे नऊ गिअर, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. रविवारी ते आसपास महू, पाताळपाणी, कधी जानापाव इथे फिरतात. दर सर्व्हिसिंगला सायकल दोन-तीन दिवस दुकानात अडकते, म्हणून देखभाल घरीच करायची आहे. ऑनलाइन चव्वेचाळीस नगांची पेटी दिसते आहे. ती घ्यावी की एकेक वस्तू जमवावी? हाताशी सहा हजार रुपये आहेत.

पेटी घेऊ नका. पेटी वाईटच असते असं नाही, पण 'कोणती पेटी' हा प्रश्न पुढचा आहे. तुमच्या सायकलवर कोणते बोल्ट, कोणते आटे आणि कोणत्या खाचा आहेत हे आधी कळायला हवं, कारण पाना त्यांना बसला पाहिजे. चव्वेचाळीस नगांतले साधारण डझनभर तुमच्या सायकलला लागतील. उरलेले जुन्या मापांच्या हबसाठी (चाकाचा मधला भाग), दुसऱ्या प्रकारच्या क्रँकसाठी (पेडल लावलेला दांडा), तुमच्याकडे नसलेल्या फ्रीव्हीलसाठी असतात. आणि स्वस्त पेटीत सगळ्यात कच्चा माल नेमका ॲलन कीमध्ये, म्हणजे षट्कोनी चाव्यांमध्ये असतो, ज्या तुम्ही दर आठवड्याला वापरणार. घरात चार वेगवेगळ्या सायकली असतील, एक लहान मुलाची, एक जुनी सात गिअरची, तर चांगल्या कंपनीची पेटी परवडू शकते. एका सायकलसाठी नाही.

म्हणून पैसे काढण्याआधी कागद-पेन घेऊन सायकलसमोर बसा.

सुरुवात मागच्या चाकापासून. चाक काढा, एका हाताने धरा आणि गिअरचे दाते उलटे फिरवा. सगळ्यात लहान दात्याच्या आत खाचा असलेलं एक कडं दिसेल. दात्यांबरोबर ते फिरत असेल तर कॅसेट, जागेवर स्थिर राहत असेल तर आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील. नऊ गिअर म्हणजे तुमच्याकडे बहुधा कॅसेटच असेल. सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर फ्रीव्हील सर्रास मिळतं. दोन्हींची साधनं दिसायला सारखी, पण मापं वेगळी. एकाचं दुसऱ्यात बळजबरीने घुसवलं तर खाचा फाटतात, आणि मग ते कडं छिन्नीनेच काढावं लागतं. कॅसेटला दाते धरून ठेवायला चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा) लागतो, फ्रीव्हील काढायला लागत नाही. हबचा ॲक्सल क्विक रिलीजचा (हाताने उघडायच्या खिटीचा) असेल तर मधोमध गाइड पिन असलेलं साधन घ्या, म्हणजे जोर लावताना ते खाचेतून निसटत नाही.

नंतर क्रँक. डाव्या क्रँकवर एकमेकांसमोर दोन बोल्ट आणि मध्ये प्लास्टिकची टोपी दिसली तर तो दोन तुकड्यांचा क्रँक. त्याला ५ मिमीची ॲलन की आणि टोपी फिरवायचं छोटं प्लास्टिकचं साधन पुरतं. मध्ये एकच मोठा बोल्ट असेल आणि तो काढल्यावर आत चौकोनी दांडा दिसला, तर क्रँक पुलर लागेल. पुलर शेवटच्या आट्यापर्यंत हाताने बसवल्याशिवाय जोर लावायचा नाही. अर्धवट बसवून ओढला की ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे सोलून निघतात आणि क्रँक फेकावा लागतो. बॉटम ब्रॅकेटचं (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचं) काम दोन-तीन वर्षांतून एकदा निघतं, त्यामुळे त्याची साधनं आज यादीत लिहून ठेवा, विकत घेऊ नका. घेताना एवढं लक्षात असू द्या की नेहमीच्या आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजव्या बाजूचे आटे उलटे असतात.

पेडलला बाहेरून १५ मिमीचा पाना लागतो, की क्रँकच्या मागून ६ किंवा ८ मिमीची ॲलन की जाते, तेही बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं-डावं पाठ करत बसण्यापेक्षा एक खूण ठेवा: पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ढकला, दोन्ही पेडलं सुटतात. पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतात.

डिस्क ब्रेकच्या रोटरला (चाकावरच्या चकतीला) सहा छोटे बोल्ट दिसले तर ते टी-२५ टॉर्क्सचे, सहा टोकांच्या चांदणीचे. ॲलन कीने काढायचा प्रयत्न करू नका. ५ आणि ४ मिमीची जात नाही, त्याहून लहान जाते पण आत घसरते, आणि घसरली की चांदणी गोल. सहा बोल्टांऐवजी मधोमध एकच मोठं कडं असेल तर तो सेंटर लॉक रोटर. त्यावर आतल्या बाजूने खाचा असतील तर कॅसेटचंच साधन तिथेही चालतं.

आता फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. वरच्या बाजूला, बहुतेक डाव्या पायावर, टोपी काढली की मोटरसायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह दिसतो का? दिसला तर एअर फोर्क, आणि त्याला स्वतंत्र शॉक पंप लागतो. चाकाच्या पंपाने फोर्कमध्ये हवा भरू नका, एका दाबात नको तेवढी हवा जाते. व्हॉल्व्ह नसेल, नुसती फिरवायची घुंडी असेल, तर आत स्प्रिंग आहे आणि शॉक पंपाचे पैसे वाचले. शेवटी ब्रेक लिव्हरच्या टाकीचं झाकण वाचा: ब्रेकचं तेल मिनरल ऑइल आहे की डॉट. त्याचं कारण पुढे येईल.

हा कागद झाला की यादी आपोआप आखडते. पैसे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढंच उरतं.

सगळ्यात जास्त लक्ष ॲलन कीवर द्या. २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ मिमी एवढी मापं हवीत. निम्म्याहून जास्त काम ४ आणि ५ ची जोडीच करते. स्वस्त की मापापेक्षा किंचित बारीक असते आणि तिचे कोपरे मऊ असतात. बोल्टमध्ये ती थोडी डुलते, जोर लावला की सहा कोपऱ्यांवरच भार येतो, आणि बोल्टचं तोंड गोल होतं. की दोनशे रुपयांची असते, पण ते नुकसान होतं स्टेमचं (हँडल धरणारा तुकडा), नाहीतर ब्रेक कॅलिपरचं (पॅड दाबणारा भाग). एल आकाराच्या लांब दांड्याच्या कीच घ्या. अनेक की एका मुठीत दुमडलेला मल्टिटूल रस्त्यासाठी ठीक आहे, घरी त्याचा दांडा आखूड पडतो आणि पाना तिरका बसतो. गोल टोकाची की अडचणीच्या जागी बोल्ट फिरवायला छान, पण शेवटचा आवळा नेहमी सरळ टोकाने द्या, कारण गोल टोकाची पकड अगदी थोड्या जागेवर असते. सरळ टोक झिजलं तर की टाकू नका. ग्राइंडरवर दोन मिलिमीटर कापून टोक सपाट करा, आतला षट्कोन नवाच असतो.

टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणारा पाना, घ्यावा का, यावर लोक फार वाद घालतात. फ्रेम, हँडल, सीट पोस्ट यांपैकी काहीही कार्बनचं असेल तर घ्याच. सगळं ॲल्युमिनियमचं असेल तरी पाव इंची चौकोनाचा, साधारण २ ते २० न्यूटन-मीटरचा पाना घेण्यासारखा आहे. तुमच्या बजेटचा एक तृतीयांश त्यात जाईल. हाताला ५ न्यूटन-मीटर कळत नाही. सवय नसलेला हात स्टेमचे बोल्ट दुप्पट आवळतो आणि आटे खाल्ले जातात. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टांना ब्रेक-गिअर बनवणारी शिमानो कंपनी ६ ते ८ सांगते, दोन तुकड्यांच्या क्रँकच्या बोल्टांना १२ ते १४. रोटरच्या टी-२५ बोल्टांना शिमानो फक्त २ ते ४ सांगते, दुसरी कंपनी स्रॅम ६.२. स्टेम आणि सीट क्लॅम्पवर आकडा बहुधा छापलेलाच असतो, तोच पाळा. वापर झाला की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते आणि माप खोटं पडत जातं.

कॅसेटच्या कड्याला ४० न्यूटन-मीटर लागतात, पेडललाही ३५ ते ४०. छोटा टॉर्क पाना तिथे पोचत नाही आणि त्यासाठी मोठा घेण्याची गरजही नाही. जिथे हात पकडतो ती जागा बोल्टपासून २५ सेंटीमीटरवर असेल तर साधारण १६ किलोचा जोर म्हणजे ४० न्यूटन-मीटर. प्रवासाची बॅग तोलायचा काटा पान्याला अडकवून एकदा १६ किलोपर्यंत ओढून बघा, पुढे हाताला अंदाज येतो.

चेन मोजायचं साधन लहान आहे, पण वर्षभरात सगळ्यात जास्त पैसे तेच वाचवतं. चेन 'ताणली' म्हणतात, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांची भोकं झिजतात, तेवढी दोन पिनांमधली लांबी वाढते. वाढलेली चेन कॅसेटचे दाते आपल्या मापाने खात जाते. दहापर्यंत गिअर असतील तर ०.७५ टक्क्यांवर चेन बदला, अकरा-बारा गिअरना ०.५ वरच. एवढी शिस्त पाळली की एका कॅसेटवर दोन-तीन चेनी चालतात. उशीर केला तर नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरते आणि दोन्हींचा खर्च एकदम येतो. साधन घ्यायचं नसेल तर दोन फुटी स्टीलची पट्टी चालते: चेनवर ताण ठेवून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनीत चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर येते. ती १.५ मिमी पुढे गेली की ०.५ टक्के, २.३ मिमी गेली की ०.७५. पट्टी लाकडी नको, प्लास्टिकचीही नको. एवढ्या बारीक मापाला त्यांचा भरवसा नाही.

त्यासोबत चेन ब्रेकर (चेनची पीन काढायचं साधन) आणि तुमच्या गिअरसंख्येची एक जादा क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. नऊची लिंक नऊलाच, अकराची अकरालाच. बारीक वाटणारा फरक चढावर कडाकड वाजतो आणि कधी उघडतोही. लिंक उघडायची पक्कड असली तर बरं, पण जुना ब्रेक केबल वळवून, दोन्ही बाजूंनी ओढूनही काम भागतं. ही खरेदी पुढच्या महिन्यावर ढकला.

हवेचा पंप उभाच घ्या, पण काटा बघून. रस्त्यावरच्या सायकलींच्या पंपांचा काटा १६० पीएसआयपर्यंत जातो, त्यावर २६ आणि ३२ मधला फरक केसाएवढा दिसतो. माउंटन बाइकला तो फरक म्हणजे सगळं काही. वजन ७५ किलोच्या आसपास, टायर २.२५ इंची आणि आत ट्यूब असेल तर पुढे २६-२८, मागे २८-३० पीएसआयपासून सुरुवात करा. रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दाढांसारखी दोन भोकं पडली तर दोन पीएसआय वाढवा. पेट्रोल पंपावरची हवा मोटरसायकलसाठी असते, तिथून तयार आकडा घेऊन येऊ नका. प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, पॅचेस आणि ताजं सोल्यूशन ठेवा. पेचकसाने टायर काढू नका, नवी ट्यूब तिथेच फाटते. माळव्यात बाभळीचा काटा हाच खरा शत्रू. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जुनं कापड फिरवा, काटा कापडात अडकतो. बोट फिरवलंत तर बोटात.

ट्यूबलेस करायचा विचार असेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढायची चावी आणि सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) लागेल, २९ इंची टायरला साधारण १०० मिली. इथल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. एप्रिल ते जून दोन महिन्यांनी टायर हलवून आवाज ऐका, द्रव खळखळला नाही तर पुन्हा भरा.

आता ब्रेक. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं, किंवा उलट झालं, तर आतली रबरी सीलं फुगतात, लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही जातात. म्हणून ते झाकण वाचायला सांगितलं. ब्लीड किट (ब्रेकमधली हवा काढायचं सामान) पहिल्या वर्षी घेऊ नका. लिव्हर मऊ वाटू लागली, दोनदा दाबल्यावर घट्ट होऊ लागली, तेव्हा तुमच्याच कंपनीच्या ब्रेकसाठी बनवलेलं किट घ्या. त्याआधी दोन सवयी लावा. चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवा आणि लिव्हर दाबू नका, नाहीतर पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत जात नाही. दुसरं, सायकल हँडल-सीटवर उलटी करून तासन्‌तास काम करू नका. टाकीत थोडी हवा असतेच, उलटी केल्यावर ती नळीत जाते, आणि सरळ केल्यावर ब्रेक मऊ लागतो. तसं झालंच तर सायकल सरळ उभी ठेवून लिव्हर काही वेळ हळूहळू दाबत राहा.

इथेच स्टँडचा प्रश्न येतो. सहा हजारांत चांगला स्टँड बसत नाही, आणि वाईट स्टँड सायकलसकट कलंडतो. छताच्या हुकातून दोरी सोडून सीटचं नाक अडकवा, मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर राहील एवढं. गिअर लावायला एवढं भरपूर झालं. मागच्या डिरेलरचे (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मर्यादा स्क्रू फिरवण्याआधी त्यांचं तोंड बघून घ्या. काही सायकलींवर अधिक खुणेचे असतात, काहींवर २ मिमी ॲलनचे. बारीक पेचकस त्यात फिरवला की खूण पुसली जाते.

पावसाळ्यातली काळी माती वेगळीच आहे. चोरलकडून येताना ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. वाळली की सिमेंट. लाकडी चपटी काडी सोबत ठेवा आणि ओली असतानाच खरवडा. घरी आल्यावर साधा नळ, बादली आणि दोन ब्रश, एक मऊ आणि एक कडक. गाड्या धुवायच्या सेंटरवर प्रेशर गनखाली सायकल धरू नका. पाणी हब, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या सीलांच्या आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि महिन्याभरात बेअरिंग कुरकुरायला लागतात. चेन रॉकेलने किंवा डिग्रीझरने ब्रशने धुवा, पण रोटरवर कापड टाकून. रोटरवर तेल उडालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतं. पॅडमध्ये मुरलेलं तेल मात्र निघत नाही, पॅड बदलावेच लागतात. तेल एकेका रोलरवर एकेक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून कोरडं पुसून. पावसाळ्यात ओलं लुब्रिकंट, जानेवारीच्या मुरमाच्या धुळीत सुकं. स्प्रेच्या डब्यातलं गंज सोडवायचं तेल चेनसाठी नसतं, इंजिन ऑइलही नाही. ते धूळ ओढून पेस्ट बनवतं, आणि ती पेस्ट पिना घासत राहते.

ग्रीसचा एक डबा आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) एवढंही हवं. सीट पोस्ट, पेडलचे आटे, कॅसेटच्या कड्याचे आटे यांना ग्रीस. रोटर आणि कॅलिपरच्या बोल्टांना थ्रेडलॉक. सीट पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट मिळते. ग्रीसशिवाय बसवलेला ॲल्युमिनियमचा पोस्ट दोन पावसाळ्यांनी फ्रेममधून हलत नाही.

पुढे कधी चाकाचं वळण काढावंसं वाटलं तर स्पोकची चावी लागेल. तिचं मापही निप्पलवर (स्पोकच्या टोकाच्या नटवर) बसवून बघून घ्या. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. केबल बदलायची वेळ आली की केबल कटर घ्या. साध्या पकडीने केबल कापली की तारा विस्कटतात आणि आवरणाचं तोंड दबतं. शिमानोच्या बॉल-कोन हबना पातळ पाने लागतात, साधा पाना त्या फटीत मावत नाही.

हेडसेटचे कप दाबून बसवणं, डिरेलर हँगर (डिरेलर अडकवलेला फ्रेमचा तुकडा) सरळ करणं, फोर्क आतून उघडणं आणि चाक पूर्ण विणणं ही कामं दुकानालाच द्या. त्यांची साधनं महाग आहेत आणि वर्षातून एकदाही वापरली जात नाहीत. हँगर मात्र पडल्यावर दर वेळी मागून नजरेने बघा. डिरेलर दात्यांच्या रेषेत उभा दिसला नाही, तर गिअरच्या केबलचा ताण फिरवत बसण्यात अर्थ नाही.

सहा हजारांत म्हणून पहिल्या खेपेला ॲलन की आणि टी-२५, टॉर्क पाना, पंप, चेन मोजायचं साधन, चेन ब्रेकर, पंक्चरचं सामान, ग्रीस-थ्रेडलॉक आणि ब्रश घ्या. कॅसेटचं साधन आणि चेन व्हिप कॅसेट बदलायच्या वेळी घेतलं तरी चालेल. ॲलन, टॉर्क्स, पाने, ग्रीस हे सगळं इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांत हातात घेऊन बघता येतं, सायकलची खास साधनं सायकलच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवा. जाताना सायकलवरचा ४ मिमी ॲलनचा एखादा बिनमहत्त्वाचा बोल्ट, बाटलीच्या स्टँडचा वगैरे, खिशात घालून न्या. काउंटरवर की त्यात बसवा आणि डावी-उजवी हलवा. डुलली तर दुसरा सेट दाखवायला सांगा.